बारा रोपांचा संच, चार पावसाळ्यांनंतर

जुलै २०२१ मध्ये, धानाचे पऱ्हे (रोपे) रोवणीला आले असताना, मी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या एका गावातील महिला बचत गटाच्या रोपवाटिकेतून रानफळांच्या बारा रोपांचा संच सहाशे रुपयांना विकत घेतला. रोपाचे परीक्षण खरेदीच्याच आठवड्यात लिहिण्यात काही अर्थ नसतो, कारण त्या वेळी आपण फार तर पिशवीचे आणि विकणाऱ्याच्या बोलण्याचे परीक्षण करीत असतो. म्हणून चार पावसाळे जाऊ दिले आणि आता लिहितो आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे गटाचे आणि गावाचे नाव देत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, राहणाऱ्याने चार ठिकाणी विचारपूस केली, तर अशी रोपवाटिका त्याला सापडेल.

संचात वड, पिंपळ, उंबर, मोह, चार (चारोळीचे झाड), टेंभुर्णी (तेंदू), जांभूळ, आवळा, बोर, करवंद, बहावा आणि सीताफळ यांचे प्रत्येकी एक रोप होते. सोबत सोळा पानांची एक पुस्तिका आणि लावणीनंतर एकदा शेतावर येऊन रोपे पाहून जाण्याचे आश्वासन होते. विक्रीचा मुद्दा असा, की ही बारा झाडे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावली तर वर्षातील कोणत्याही महिन्यात फळ खाणारा प्राणी तुमच्या शेतातून उपाशी जाणार नाही, आणि जे खाईल त्याचे बी तो पुढे नेऊन पेरील. ही कल्पना उष्ण कटिबंधातील वर्षावनांवरून घेतलेली आहे आणि पुस्तिकेची पहिली दहा पाने त्याच जंगलांविषयी आहेत. धानाच्या बांधीत उभे राहून रोपे विकत घेणाऱ्याला पेरू आणि बोर्निओ कशासाठी, असे मला प्रथम वाटले होते. वाचून झाल्यावर ते मत बरेचसे बदलले, पण पूर्ण बदलले नाही.

मूळ गोष्ट साधी आहे आणि पुस्तिकेत ती नीट सांगितली आहे. वर्षावनात झाडे इतकी दाट असतात की त्यांच्या छताखाली वारा फारसा फिरत नाही, त्यामुळे तेथील सुमारे सत्तर ते नव्वद टक्के झाडझुडूप बी पसरवण्यासाठी पक्ष्यांवर, वटवाघळांवर, माकडांवर आणि अशाच इतर प्राण्यांवर अवलंबून असते. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात वाऱ्याचा वाटा मोठा आहे. ऐन, बिजा, धावडा यांच्या बियांना पंख असतात आणि फाल्गुन-चैत्रातल्या वावटळी त्यांचे काम करून टाकतात. वर्षावनातल्या झाडाला ती सोय नसल्यामुळे त्याला मजूर लावावा लागतो, आणि फळाचा गर ही त्या मजुराची मजुरी असते. मजुरी केव्हा द्यायची हेही झाडच ठरवते. बी तयार होईपर्यंत फळ हिरवे, तुरट आणि घट्ट राहते. टेंभुर्णीचे कच्चे फळ, म्हणजे टेंभरू, चावून ज्याच्या जिभेवर लेप बसला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बी दूर जाणे एवढे महत्त्वाचे का, याचे उत्तर परिसंस्थेचे अभ्यासक डॅनियल जान्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, स्वतंत्रपणे, जवळपास सारखेच दिले. आईझाडाखाली पडलेल्या बियांवर त्याच झाडाला सोकावलेले किडे आणि बुरशी तुटून पडतात, त्यामुळे जो अंकुर आईपासून लांब उगवतो त्याची जगण्याची शक्यता वाढते. आणि एका जातीची झाडे अशी एकमेकांपासून लांब लांब वाढू लागली की मधल्या जागेत दुसऱ्या जातींना शिरकाव मिळतो. एका हेक्टरमध्ये शेकडो जातींची झाडे एकत्र नांदण्यामागे हेही एक कारण मानले जाते. गटाच्या सूचनेतील ‘एका जातीची दोन रोपे शेजारी लावू नका’ हे वाक्य येथूनच आलेले आहे, आणि बाजारातील रोपविक्रेते एकाच जातीची पन्नास रोपे एकदम गळ्यात मारतात त्या तुलनेत हा सल्ला मला प्रामाणिक वाटला.

संचाचा खरा कणा म्हणजे त्यातील वड, पिंपळ आणि उंबर ही तीन भावंडे. बारा महिने फळ देण्याचे आश्वासन बाकीच्या नऊ झाडांच्या भरवशावर देता आलेच नसते. आपल्याकडील रानमेवा बहुतेक उन्हाळ्याच्या शेवटी पिकतो: चैत्र-वैशाखात चार आणि टेंभरे, मृगाच्या आगेमागे करवंदे आणि जांभळे. हिवाळ्यात बोरे आणि आवळे येतात. मध्ये श्रावण-भाद्रपदात झाडे हिरवीगार असतात, पण खाण्याजोगे फळ जवळपास नसते. वर्षावनातही असे तुटवड्याचे महिने येतात. पेरूमधील मानू राष्ट्रीय उद्यानातील कोचा काशू येथे काम करणारे जॉन टेरबोर्ग यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले, की त्या महिन्यांत माकडांपासून पक्ष्यांपर्यंत जवळपास सगळे फलाहारी प्राणी मोजक्या जातींच्या झाडांवर तग धरतात आणि त्यांत उंबर-वडाच्या कुळातील झाडे सगळ्यांत महत्त्वाची असतात. तेथील एकूण वनस्पती-जातींमध्ये या मोजक्या जातींचा वाटा अगदी नगण्य आहे. त्या जाती काढून टाकल्या तर जंगल वरून पूर्वीसारखेच दिसेल, फक्त आतली पंगत उठून जाईल.

उंबराचे झाड वेळी-अवेळी का फळते, हे समजण्यासाठी मला पुस्तिकेची गरज पडली नाही, कारण माझ्या बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर आजोबांच्या वेळचे एक उंबर आहे. त्याचे एक फळ मी पुस्तिका हातात धरून चाकूने उभे चिरले. आत दाटीने बसलेली बारीक फुले असतात. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही ते एवढ्याचसाठी, की ते फळाच्या पोटात असते. तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून मिरीच्या दाण्याहूनही लहान गांधीलमाशी आत शिरते, शिरताना तिचे पंख गळून पडतात, ती आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या पिल्लांतले नर पंखाशिवाय जन्मतात. ते माद्यांशी मीलन करून बाहेर पडण्याचे भुयार कोरतात, आणि माद्या अंगाला पराग लावून दुसऱ्या झाडाच्या शोधात निघतात. मी चिरलेल्या फळातून अशा पाच-सहा माश्या पुस्तिकेच्या पानावर चालत आल्या आणि पानाच्या कडेवरून उडून गेल्या. त्या बाहेर जेमतेम एक-दोन दिवस जगतात. तेवढ्या वेळात आसपास कोठेतरी, योग्य अवस्थेतली फळे असलेले दुसरे उंबर त्यांना सापडलेच पाहिजे. म्हणून या कुळातील झाडे एकाच हंगामात फळून मोकळी होत नाहीत. एक झाड संपत आले की दुसरे सुरू होते. माशीची सोय करण्याच्या नादात सगळ्या रानाची सोय होऊन जाते. जगात या कुळाच्या साडेसातशेच्या आसपास जाती आहेत, आणि बहुतेक जातींचे आपापल्या ठरलेल्या माश्यांशी असे घरचे संबंध आहेत.

आता रोपांकडे वळतो. बारापैकी आठ जिवंत आहेत. वड आणि उंबर उत्तम. उंबराला अजून फळ नाही, पण खोड मनगटाएवढे झाले आहे. जांभूळ डोक्याच्या वर गेले. आवळा बरा आहे. बोर आणि करवंद यांना काहीच करावे लागत नाही, आणि बोराला तर तिसऱ्याच वर्षी फळ आले. सीताफळालाही आले. (सीताफळाच्या नावात सीता असली तरी ते झाड अमेरिका खंडातून आलेले आहे, ‘स्थानिक रानफळे’ असे लिहिलेल्या संचात ते कसे, असे मी विचारले, तेव्हा ‘लोकं मागतात’ असे उत्तर मिळाले आणि ते मला पटले.) पिंपळाचे रोप दुसऱ्याच महिन्यात शेळीने खाल्ले. त्याचा दोष गटाला देता येणार नाही, आणि पिंपळाची मला चिंताही नव्हती, कारण विहिरीच्या बांधकामाच्या फटीत त्याचे एक रोप फुकटात उगवलेले आहे. तेथे ते कोणी लावले, हे त्या काठावर बसणाऱ्या पाखरांना विचारावे लागेल. १८८३ च्या ज्वालामुखी उद्रेकात इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटावरील जवळजवळ सगळी जीवसृष्टी राखेखाली गेली, त्यानंतर त्या उघड्या बेटावर लवकर परतलेल्या झाडांत या कुळातील झाडे होती, आणि त्यांचे बी समुद्रावरून आणणारे मजूरही हेच होते, पक्षी आणि वटवाघळे.

मोह, चार आणि टेंभुर्णी ही तिन्ही रोपे मेली, आणि येथे माझी तक्रार आहे. ही तीन झाडे म्हणजे आमच्या भागाचे रानच. ती नसतील तर बाकीचा संच कोणत्याही शहरी बागेत शोभेल असा आहे. मोहाचे वाळलेले रोप मी उपटून पाहिले, तेव्हा त्याचे सोटमूळ पिशवीच्या तळाशी जाऊन डोक्यावरच्या चुंबळीसारखे गोल गोल फिरलेले होते. मोहाचा टोळ, म्हणजे त्याचे फळ, पडल्यावर त्याचे बी फार दिवस टिकत नाही, ते लगेच रुजते आणि पहिले काही महिने वरच्या पानांपेक्षा खालच्या मुळावर जास्त मेहनत घेते. अशा झाडाला वीतभर उंचीच्या काळ्या पिशवीत वर्षभर अडकवून ठेवणे म्हणजे त्याचे पाय बांधून त्याला शर्यतीत सोडणे होय. टेंभुर्णीचेही तेच. गटाने मोहाचे रोप एकदा बदलून दिले, पण तेही त्याच मापाच्या पिशवीतले, आणि तेही गेले. चारोळीचे रोप बदलून देण्यास मात्र नकार मिळाला. बी रुजण्याचे प्रमाणच कमी असते, असे सांगण्यात आले. ते खरे आहे, पण मग ते विकण्यापूर्वी सांगायला हवे होते.

लावणीनंतरची भेट झाली, पण पोळ्याच्या सुमारास व्हायची ती दिवाळीनंतर झाली. तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते. आलेल्या ताई स्वतः धान कापणीच्या मजुरीवरून थेट आल्या होत्या, त्यामुळे मी काही बोललो नाही. येथे लिहितो आहे एवढेच.

या रोपवाटिकेची खरी कमाई मला पिशव्यांत नव्हे, तर तिच्या बियांच्या डब्यांत दिसली. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला रानात जाणाऱ्या बाया येताना बी वेचून आणतात, आणि ते कोठून वेचले हे डब्यावर लिहून ठेवतात: ‘अस्वलाची विष्ठा’, ‘धनेशाच्या ढोलीखाली’, ‘बकऱ्यांचा गोठा’. माझ्या माहितीतल्या कोणत्याही सरकारी वा खासगी रोपवाटिकेत अशी नोंद नसते. बहाव्याच्या बियांचा डबा दाखवताना एक ताई म्हणाल्या, ‘गुरुजी, हे बी आम्ही नाही निवडलं, अस्वलानं निवडलं, मजुरी द्याची तं त्याले द्या.’ बहाव्याची लांब काळी शेंग फोडण्याची ताकद पाखरांत नसते. अस्वल ती फोडते, आतला चिकट गोड गर खाते आणि बिया जशाच्या तशा बाहेर टाकते. धनेशाचे तर आणखी सोपे. राखी धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार चिणून फक्त एक फट ठेवते आणि नर तिला त्या फटीतून उंबरे आणि वडाची फळे भरवत राहतो. आतून बाहेर टाकलेल्या बियांचा सडा ढोलीखाली पडतो. बकऱ्यांच्या गोठ्यातल्या बोराच्या बिया रवंथ करताना थुंकलेल्या असतात. जंगलात चितळ आवळ्याच्या बाबतीत हेच करते: फळ एका ठिकाणी गिळते, बसायला दुसऱ्या ठिकाणी जाते आणि आठळी तेथे टाकते.

बी जनावराच्या पोटातून गेले पाहिजे तरच उगवते, असे मात्र पुस्तिकेत ठासून लिहिले आहे आणि ते जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. काही झाडांबाबत ते खरे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या वर्षावनात रायपारोसा नावाचे एक दुर्मीळ झाड आहे. त्याचे बी कॅसोवरी या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याच्या पोटातून गेल्यावर रुजण्याचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांवरून ब्याण्णव टक्क्यांवर गेलेले आढळले. पण पुष्कळ झाडांच्या बाबतीत जनावराचे मोठे काम म्हणजे गर काढून टाकणे आणि बी दूर नेणे एवढेच असते. मी घरी बहाव्याच्या बियांचे तीन वाफे केले: एक अस्वलाच्या डब्यातले, एक शेंगेतून सरळ काढलेले आणि एक शेंगेतलेच, पण पाट्यावर घासून टरफल खरवडलेले. शेंगेतून सरळ काढलेले बहुतेक तसेच पडून राहिले. अस्वलाचे बऱ्यापैकी उगवले. पाट्यावरचे सगळ्यांत चांगले उगवले. अस्वलाचा मान कमी करण्यासाठी हे सांगत नाही, कारण पाटा काही बी उचलून दुसऱ्या गावच्या शिवारात नेऊन टाकत नाही.

याच ओघात पुस्तिकेत डोडोची गोष्ट आली आहे. मॉरिशसमधील डोडो पक्षी नामशेष झाला म्हणून तेथील तांबालाकोक हे झाडही मरणपंथाला लागले, कारण त्याचे बी फक्त डोडोच्याच पोटात तयार होत असे, ही ती गोष्ट. १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल यांनी हा तर्क मांडला आणि तो इतका सुबक होता की शाळेत मीसुद्धा मुलांना तो अनेक वर्षे सांगत आलो. पुढे तो टिकला नाही. ते बी डोडोवाचूनही रुजते आणि डोडो गेल्यानंतरच्या काळातली झाडेही तेथे आहेत. मुखपृष्ठावर तर टुकान आणि ओरांगउटान एकाच फांदीवर बसवले आहेत. टुकान अमेरिका खंडातला, ओरांगउटान बोर्निओ आणि सुमात्रातला. ते एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. चित्रकाराला धनेश आणि टुकान एकच वाटले असावेत, आणि ही चूक एका अर्थाने बोलकी आहे, कारण ते दोन पक्षी नात्याने लांबचे असूनही दोन खंडांत मोठ्या चोचीने मोठी फळे गिळण्याचे एकच काम करीत असल्यामुळे चेहऱ्याने सारखे झाले आहेत.

हरियलाविषयीची चूक अधिक गंभीर आहे. आपल्या राज्यपक्ष्याला पुस्तिकेने ‘उंबराचा पेरणारा’ म्हटले आहे. उंबरावर हरियलांचे थवे उतरतात हे मी दर वर्षी पाहतो, पण या कुळातील हिरव्या कबुतरांची पेषणी दणकट असते आणि उंबर-वडाच्या बारीक बियांचा बराचसा भाग तिच्यात दळला जातो. म्हणजे पंगतीला बसून काम न करणारा हा पाहुणा आहे. पोपटही बहुधा तसाच. तो फळ कच्चे असतानाच बी फोडतो. फळझाड आणि फळखाऊ यांच्यात सगळे गोडीगुलाबीचे आहे, असे चित्र या पुस्तिकेतून उभे राहते, आणि तेवढ्यापुरती ती मला भाबडी वाटली. ॲमेझॉनमधील अगूती या सशाएवढ्या कुरतडणाऱ्या प्राण्याचे उदाहरण त्यांनी घेतले असते तर बरे झाले असते. ब्राझील नटचे दोन किलोपर्यंत भरणारे, लाकडासारखे टणक फळ जमिनीवर पडले की अगूती ते दातांनी कोरतो, आतल्या दहा ते पंचवीस बियांपैकी काही खातो आणि बाकीच्या नंतरसाठी ठिकठिकाणी पुरून ठेवतो. खाल्लेल्या बिया झाडाचे नुकसान असते, विसरलेल्या बिया झाडाचा फायदा. चोर आणि मजूर तेथे एकाच कातड्यात असतात.

एक गोष्ट पुस्तिकेत नाही, पण रोपवाटिकेच्या कुंपणाखाली डोळ्यांना दिसते: कोणी न लावलेल्या बारीक लाल मिरच्यांची झुडपे. तिखटाची आग आपल्याला, उंदराला, वानराला लागते. पक्ष्याला ती लागत नाही. ॲरिझोनातील रानमिरचीवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांनी तिखट मिरची टाळली आणि पक्ष्यांनी ती खाऊन बी धड बाहेर टाकले, असे दिसले. दाढा असलेल्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवण्याची झाडाची ही युक्ती आहे. भिवापूरच्या मिरचीवर पोसलेल्या आपल्या लोकांवर ती चालली नाही, हा भाग वेगळा.

मग वर्षावनाचा हा नमुना आमच्या कोरड्या रानात चालतो का? माझे उत्तर असे, की उंबरकुळापुरता तो पूर्ण चालतो आणि बाकीच्यांपुरता निम्मा. गेल्या भाद्रपदात, जेव्हा दुसरे काहीच पिकलेले नव्हते, बोडीवरच्या जुन्या उंबराखाली मी पहाटे उभा राहिलो. रात्रभर मोठी वटवाघळे येऊन गेली होती. जमिनीवर बोटाच्या पेराएवढ्या, चघळून रस काढून टाकलेल्या चोथ्याच्या गोळ्या पडल्या होत्या आणि ओलसर, आंबूस वास सुटला होता. उजाडताना धनेशाची जोडी आली, मग हरियल, मग वानरे. नव्या उंबराचे हे काम सुरू व्हायला आणखी काही वर्षे लागतील, पण ते होईल याची खात्री आहे. वटवाघूळ उडता उडता बी टाकते, म्हणून उघड्या पडीत जमिनीवर त्याचे काम पाखरांपेक्षा जास्त उपयोगी पडते; पाखराला बसायला फांदी लागते. गावात वटवाघळांची वस्ती असलेले झाड अपशकुनी म्हणून तोडायला निघालेल्यांना हे सांगून पाहावे.

विकत घेणाऱ्याने एक तोटा आधीच लक्षात घ्यावा. ‘फळझाडे लावल्याने जनावरे पिकाकडे वळणार नाहीत’ असे रोपवाटिकेत तोंडी सांगितले जाते. माझा अनुभव तसा नाही. बोरासाठी आलेली वानरे बोरे संपल्यावर हरभऱ्यात उतरली. ज्यांचे तूर-हरभऱ्याचे शेत धुऱ्याला लागून आहे त्यांनी बोर आणि जांभूळ बोडीच्या किंवा झुडपी जंगलाच्या बाजूला लावावे. मोठ्या फलाहाऱ्यांची गोष्ट तर आणखी अवघड असते. काँगोच्या खोऱ्यातील रानहत्ती फळांचे बी ५७ किलोमीटरपर्यंत नेऊ शकतात, असे आढळले आहे. तेवढे काम करणारे प्राणी फार थोडे. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत रानहत्तींचा कळप उतरला, तेव्हा ज्यांचे उभे धान तुडवले गेले त्यांच्यासमोर बीजप्रसाराचे कौतुक करण्याची माझी हिंमत झाली नसती. दुसऱ्या बाजूने, झाडे उभी असूनही त्यांची फळे खाणारे मोठे प्राणी शिकारीने संपून गेलेले असतात, अशा रानासाठी केंट रेडफोर्ड यांनी १९९२ मध्ये ‘रिकामे जंगल’ हा शब्द वापरला. तेथे मोठ्या बियांची झाडे हळूहळू मागे पडतात, कारण त्यांचे फळ गिळेल एवढा घसा कोणाचा उरलेला नसतो.

एकूण सहाशे रुपयांत आठ जिवंत झाडे, म्हणजे झाडामागे पंचाहत्तर रुपये. सरकारी रोपापेक्षा महाग, पण शहरातल्या नर्सरीपेक्षा स्वस्त. वड, उंबर, जांभूळ, बोर आणि करवंद डोळे मिटून घ्यावेत. बहाव्याचे रोप घेण्यापेक्षा बी घ्यावे आणि पाट्यावर घासावे. पुस्तिका मुलांना वाचायला द्यावी, पण डोडोचे पान आणि मुखपृष्ठ बाजूला ठेवून. पाचपैकी साडेतीन गुण देईन, आणि ते बियांच्या डब्यांमुळे. पिशव्यांसाठी दोनच दिले असते.

हे सगळे मी मागच्या महिन्यात ताईंना समोर बसून सांगितले. पिशवीची उंची वाढवली तर माती आणि वाहतूक दोन्ही महाग पडतात, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. शेवटी असे ठरले, की मोह, चार आणि टेंभुर्णी यांची रोपे संचातून काढून त्यांच्याऐवजी ताजे बी द्यायचे आणि ते गिऱ्हाइकाने जागेवरच पेरायचे. चाराच्या आणि टेंभुर्णीच्या बिया मला लगेच मिळाल्या. टोळ गळायला लागले की त्याच आठवड्यात निरोप पाठवतो, असे ताई म्हणाल्या आहेत. धुऱ्यावर मोहाची जागा मी जुन्या झाडापासून लांब धरली आहे, तेथे खुंटी रोवली आहे, आणि शेळीसाठी भोवती बोराच्या काट्या लावून ठेवल्या आहेत.